विद्यापीठाच्या मैदानावरील विजयपरंपरा



बुऱ्हाणपूरच्या जुन्या कोटाला जे दरवाजे आहेत, त्यांतील एकाचे नाव इतवारा. त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत, यंत्रमागांची खडखड ऐकत वाढलेला एखादा मुलगा शाळेच्या पटांगणात उत्तम क्रिकेट खेळू लागला, म्हणजे शेजारीपाजारी कौतुकाने म्हणतात, ‘पोरगा पुढे नाव काढील.’ मुलगा शाळा संपवून महाविद्यालयात जातो; आणि जेथे नाव काढण्यास खरी सुरुवात व्हावयाची, तेथेच बहुधा त्याचा खेळ आटोपतो. महाविद्यालयाच्या संघाला वर्षाकाठी मोजकेच सामने मिळतात. बुऱ्हाणपूरची महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडली गेली, ते इंदूरचे विद्यापीठ सुमारे १८० किलोमीटर दूर. निवडीच्या दिवशी तेथवर जाऊन, अनोळखी मंडळींसमोर दहा-पंधरा चेंडू खेळून मुलगा परत येतो, आणि पुढच्या वर्षी परीक्षेचे निमित्त सांगून जातच नाही.

असे का व्हावे, याचा विचार करावयाचा तर ज्या विद्यापीठाने खेळाच्या मैदानावर वर्षानुवर्षे विजय मिळविले, त्याच्याकडे पाहावे लागते. विद्यापीठाचा संघ ही मोठी विलक्षण वस्तू आहे. इतर संघांत एकच खेळाडू दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे टिकून राहतो. विद्यापीठाच्या संघातील खेळाडू मात्र तीन-चार वर्षांत पदवी घेऊन निघून जावयाचा, हे ठरलेलेच असते. चांगला फलंदाज तयार होतो न होतो तोच त्याचा निरोपसमारंभ होतो! असे असूनही काही विद्यापीठे पिढ्यामागून पिढ्या जिंकत राहतात. सर्व खेळांतील एकंदर कामगिरीबद्दल विद्यापीठांना मौलाना आझाद करंडक मिळतो. तो अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने वीसहून अधिक वेळा जिंकला. आपल्या मराठी मुलखातले तसेच ठळक उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठाचे क्रिकेट. माणसे बदलतात आणि विजय टिकतो, तेव्हा टिकणारे असे तेथे काय असते?

कित्येकांचे उत्तर तयार असते : पैसा आणि आश्रय. हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण ते किती पुरते, हे पाहावयास बुऱ्हाणपूरकरांना दूर जावयास नको. इंदूरच्या होळकर संघाला राजाश्रय होता. नागपूरचे सी. के. नायडू त्याचे नायक, इंदूरचे मुश्ताक अली त्याचे सलामीवीर, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर त्याच्या फलंदाजीचा आधार. या संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वर्षे रणजी करंडक जिंकला. संघ मोठा होता, यात शंकाच नाही. परंतु संस्थाने गेली, दरबार गेला, आणि १९५४-५५ च्या हंगामानंतर होळकर संघही गेला. त्यानंतर या प्रदेशाला पुन्हा रणजी करंडक पाहण्यासाठी २०२२ साल उजाडावे लागले. दरबाराने तयार खेळाडू गोळा केले, सन्मानाने वागविले. पण एक गेल्यावर दुसरा आपोआप उभा राहील अशी व्यवस्था दरबाराच्या हाती नव्हती.

मुंबई विद्यापीठाच्या हाती ती कशी आली, हे पाहण्यासाठी प्रथम त्या शहराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याची फोर्टमधील इमारत आणि राजाबाई टॉवर ओव्हल मैदानाच्या काठावरच उभी आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजातून निघालेला विद्यार्थी काही मिनिटांत त्या मैदानावर पोहोचतो. सेंट झेवियर कॉलेज आझाद मैदानाच्या अगदी नजीक. विल्सन कॉलेज चौपाटीसमोर, आणि तेथून समुद्राच्या कडेने चालू लागले की मरीन ड्राइव्हवरील जिमखाने ओळीने लागतात. आझाद मैदानावर एकूण बावीस खेळपट्ट्या, आणि त्या इतक्या दाटीने की एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या पंचाला पाठ लावून उभा असतो. परक्याला हा गोंधळ वाटेल. पण तास संपवून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला येथे एका दृष्टिक्षेपात शाळकरी पोर, महाविद्यालयीन खेळाडू, कचेरीतला कारकून आणि प्रसंगी कसोटी सामने खेळलेला पुरुष असे सर्व एकाच वेळी खेळताना दिसत. कोण कोठवर पोहोचू शकतो, हे त्याला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागत नसे.

त्यातच १९४८ साली कांगा लीग सुरू झाली. ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली, बाहेर गुडघ्याएवढे गवत, चेंडू कधी घसरणारा तर कधी उसळणारा. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना अशा क्लबांकडून महाविद्यालयीन मुले त्यात उतरत आणि समोर गोलंदाजीला देशाकडून खेळलेला माणूस असे. दादर युनियनमध्ये माधव मंत्र्यांची शिस्त अशी की वेळेवर न येणाऱ्याचे नाव किती मोठे आहे, हे विचारात घेतले जात नसे. असा पावसाळा काढलेला मुलगा हिवाळ्यात विद्यापीठाकडून कोरड्या खेळपट्टीवर उतरला, म्हणजे त्याला प्रतिस्पर्धी विद्यापीठाच्या गोलंदाजाचे भय ते काय वाटणार?

आंतरविद्यापीठ क्रिकेटचा करंडक रोहिंटन बारिया यांच्या नावाचा आहे. एका पारशी पित्याने आपल्या मुलाच्या स्मरणार्थ तो दिला, आणि १९३५-३६ पासून विद्यापीठे त्यासाठी झगडू लागली. या करंडकावर मुंबईचे नाव पुनःपुन्हा कोरले गेले. परंतु करंडक किती, याचा हिशेब येथे मांडावयाचा नाही. करंडक कपाटात जातो आणि त्याच्यावर धूळ बसते. अधिक लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या काळी या स्पर्धेतून एक दार थेट भारतीय संघाकडे उघडत असे. परदेशचा संघ दौऱ्यावर आला की भारतीय विद्यापीठांच्या संयुक्त संघाशी त्याचा एक सामना ठेवीत. १९४८ साली वेस्ट इंडीजविरुद्ध अशाच सामन्यात पॉली उम्रीगर यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच मोसमात ते कसोटी खेळाडू झाले. कालपरवापर्यंत वर्गात हजेरी देणारा विद्यार्थी जगातल्या नामांकित गोलंदाजांसमोर उभा केला जाई. तरला तर तरला.

अजित वाडेकरांची हकीकत तर सर्वांच्या परिचयाची आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञानशाखेकडे गेलेला हा मुलगा; इंजिनिअर व्हावे, ही घरची आणि त्याचीही इच्छा. कॉलेजला जाताना बसमध्ये बाळू गुप्ते भेटत. गुप्ते ज्येष्ठ, लेगस्पिन गोलंदाज, पुढे कसोटी सामने खेळलेले. त्यांनी सहज विचारले, ‘आमच्या संघात बारावा खेळाडू म्हणून येतोस का?’ बाराव्याचे काम पाणी नेण्याचे, आणि त्याबद्दल तीन रुपये मिळावयाचे. वाडेकर गेले. त्यानंतर आंतरविद्यापीठ सामन्यांत त्यांनी ३२४ धावांचा डाव खेळून विक्रम केला, आणि पुढे तो मोडला तोही मुंबई विद्यापीठाच्याच सुनील गावसकरांनी, ३२७ धावा करून. विक्रम घरातल्या घरात मोडला जाणे, हीच तर परंपरा म्हणावयाची. पण या सर्व प्रकरणात बसमधला तो प्रश्न अधिक मोलाचा आहे. वरच्या विद्यार्थ्याने खालच्याला हाताला धरून मैदानावर नेले. हे काम कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते; त्यासाठी अनुदान मिळत नाही.

आता ज्याची गोष्ट इतवाऱ्यातल्या मुलाने आवर्जून ऐकावी, तो खेळाडू म्हणजे दिलीप सरदेसाई. त्यांचा जन्म १९४० साली मडगावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. तेथे मोठ्या दर्जाच्या क्रिकेटची सोयच नव्हती. १९५७ साली कुटुंब मुंबईस आले तेव्हा दिलीप सतरा वर्षांचे होते. मुंबईची मुले ज्या वयात शालेय ढालींचे सामने गाजवून मोकळी होतात, त्या वयात यांची खरी सुरुवात! ते विल्सन कॉलेजात दाखल झाले आणि तेथले शिक्षक मन्या नाईक यांनी हा मुलगा ओळखला. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्या मोसमात पाकिस्तानचा संघ पुण्यास आला असता भारतीय विद्यापीठांकडून खेळताना त्यांनी पुन्हा ८७ धावाच केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला हा त्यांचा पहिलाच सामना. डिसेंबर १९६१ च्या आरंभी कानपूरला इंग्लंडविरुद्ध ते भारताकडून कसोटी सामना खेळले. गोवा मुक्त झाला तो त्याच महिन्याच्या १९ तारखेला. म्हणजे मडगावचा हा पुत्र भारताचा कसोटीपटू आधी झाला आणि त्याचे गाव भारतात नंतर आले.

मागास मैदानावरून आलेला मुलगा चार वर्षांत देशाच्या संघात जातो, याचे श्रेय त्याच्या गुणांचे, हे उघडच आहे. पण तेच गुण घेऊन तो मडगावातच राहिला असता तर? त्याला शिक्षक भेटला, रोज खेळावयास आपल्याहून सरस माणसे भेटली, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचावयास गाडीभाडे लागत नव्हते. परंपरा परंपरा म्हणून जिचे आपण पोवाडे गातो, तिच्यात या साध्या सोयींचा वाटा फार मोठा असतो. मुंबईच्या मंडळींना तो जाणवत नाही, कारण त्यांना ती सोय जन्मतःच मिळालेली असते.

मुंबईबाहेरही जेथे अशी जवळीक निर्माण झाली तेथे फळ मिळालेच. नाशिकचे बापू नाडकर्णी पुणे विद्यापीठाकडून १९५०-५१ साली रोहिंटन बारिया खेळले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या संघात आले. पुण्याच्या वाडिया कॉलेजात कमल भांडारकर शिकवीत. त्यांच्या हाताखाली चेतन चौहान तयार झाले आणि १९६६-६७ साली पुणे विद्यापीठाकडून खेळले. पुढे गावसकर-चौहान ही सलामीची जोडी देशभर गाजली, तिची पहिली ओळख विद्यापीठांच्याच स्पर्धांत झालेली होती.

विद्यापीठाच्या या पिकाचे सर्वांत भरघोस वर्ष म्हणजे १९७१. निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने वाडेकर कर्णधार झाले आणि संघ वेस्ट इंडीजला गेला. मर्चंट हेही एके काळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचे कर्णधार! किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत भारताचे ५ गडी ७५ धावांत बाद झाले होते. तेथून सरदेसायांनी एकनाथ सोलकर यांच्या साथीने १३७ धावांची भागी केली आणि स्वतः २१२ पर्यंत मजल मारली. सोलकर हे हिंदु जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. त्याच जिमखान्याच्या आवारात लहानाचे मोठे झालेले. विल्सन कॉलेजचा पदवीधर आणि माळ्याचा मुलगा यांनी मिळून तो डाव सावरला, हे मुंबईच्या मैदानाचे खरे चित्र आहे.

त्या सामन्याचा पहिला दिवस पावसात वाहून गेला होता. पाच दिवसांचा सामना चार दिवसांचा झाला, म्हणजे फॉलोऑनसाठी २०० ऐवजी १५० धावांची आघाडी पुरेशी. भारताची आघाडी १७० धावांची होती. वाडेकर स्वतः सोबर्स यांच्याकडे गेले आणि तुम्हाला पुन्हा खेळावे लागेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पावसाळ्यात सामने खेळत वाढलेल्या माणसाला नियमाचे हे कलम नेमके आठवावे, यात नवल नाही. सामना अनिर्णित राहिला, पण यजमानांचा तोरा उतरला. पोर्ट ऑफ स्पेनची दुसरी कसोटी भारताने ७ गडी राखून जिंकली. वेस्ट इंडीजवर भारताचा हा पहिलाच कसोटी विजय. त्यात पदार्पण करणाऱ्या गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा होत्या, सरदेसायांच्या ११२. मालिका संपली तेव्हा गावसकरांच्या नावावर चार सामन्यांत ७७४ धावा जमा होत्या आणि सरदेसायांच्या नावावर पाच सामन्यांत ६४२. कर्णधार एल्फिन्स्टनचा, धावांच्या राशी घालणारे दोघे विल्सनचे आणि झेवियरचे. तिघेही एकाच विद्यापीठाचे. बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन, दुराणी यांच्या गोलंदाजीवाचून हा विजय मिळाला नसता, हे सांगितलेच पाहिजे. ते अन्य प्रांतांचे. पण फलंदाजीचा कणा मुंबईच्या महाविद्यालयीन मैदानाने पुरविला होता.

या मुलांना पदवीनंतर पोटाची चिंता करावी लागली नाही, हाही त्या व्यवस्थेचाच भाग होता. वाडेकर स्टेट बँकेत, गावसकर निर्लॉनमध्ये, नाडकर्णी एसीसी सिमेंट कंपनीत. कंपन्यांचे संघ टाइम्स शील्डसाठी झुंजत आणि विद्यापीठाचा चांगला खेळाडू हेरून त्याला नोकरी देत. शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ, क्लब, कचेरी अशी ही जिन्याची पायरी पायरीने चढण होती. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला, तो या जिन्याच्या जोरावर.

तो जिना आता तसा राहिलेला नाही. परदेशी संघांचे दौरे आखूड झाले आणि विद्यापीठांच्या संघाशी सामना ठेवण्याची चाल मागे पडली. सोळा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांच्या स्पर्धांतून निवड होऊ लागली. १९८८ साली आझाद मैदानावरच हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. त्याच वर्षी तेंडुलकर मुंबईकडून खेळले आणि पुढच्या वर्षी भारताकडून. महाविद्यालयाची पायरी चढण्यापूर्वीच ते जगाच्या मैदानावर पोहोचले होते. २००८ साली आयपीएल सुरू झाल्यावर तर विशीच्या आतल्या मुलांवर लाखोंची बोली लागू लागली. आता अव्वल खेळाडूला विद्यापीठाच्या संघात जाण्याची गरज उरलेली नाही, आणि म्हणून विद्यापीठाच्या सामन्यांकडे निवडसमितीचे डोळेही पूर्वीसारखे लागलेले नसतात. यात तेंडुलकरांसारख्या असामान्यांचे काहीच बिघडले नाही. त्यांच्यासाठी कोणतेही दार उघडलेच असते. नुकसान झाले ते सतराव्या वर्षी मडगावाहून येणाऱ्या मुलाचे. एकोणीस वर्षांखालील संघात नाव लागावयास त्याला फार उशीर झालेला असतो, आणि उशिरा येणाऱ्यांसाठी जे दार होते ते आता किलकिलेच उरले आहे.

इतवाऱ्यातल्या मुलाचा प्रश्न हाच आहे. इंदूरला विद्यापीठ १९६४ पासून आहे, १९८८ साली त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले, तेथे क्रिकेटचा जुना वारसा आहे. गोरखपूरहून आलेला नरेंद्र हिरवाणी नावाचा मुलगा इंदूरलाच राहिला, होळकर संघातील खेळाडूचे चिरंजीव संजय जगदाळे यांच्या नजरेखाली लेगस्पिन शिकला, आणि १९८८ च्या जानेवारीत मद्रासला पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले. तो इंदूरला येऊन राहू शकला, म्हणून हे घडले. बुऱ्हाणपूरच्या प्रत्येक मुलाला तसे जाता येणार नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या मागे एक चटईची खेळपट्टी असावी, गावात पूर्वी खेळलेली जी मंडळी दुकानात किंवा शाळेत नोकरीला आहेत त्यांनी संध्याकाळी तासभर तेथे यावे, आणि विद्यापीठाच्या निवडीपूर्वी आठ-पंधरा दिवस मुलांना इंदूरला राहता यावे, एवढे तरी महाविद्यालयांच्या चालकांना अशक्य नाही. निवडीच्या एका सकाळीवर सर्व सोडून देणे म्हणजे मूल वर्षभर शाळेत न पाठविता परीक्षेस बसविण्यासारखे आहे.

दूरच्या गावांतून संघ उभा राहू शकतो, याचा पुरावा मध्य प्रदेशाने अलीकडेच दिला. मुंबईचे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित हे उत्तरायुष्यात मध्य प्रदेशाकडून खेळले. १९९८-९९ च्या रणजी अंतिम सामन्यात ते या संघाचे कर्णधार होते. बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात आघाडी मिळूनही सामना हातचा गेला. तेच पंडित पुढे प्रशिक्षक होऊन परत आले. राज्यातील मुलांना त्यांनी शिबिरांत एकत्र ठेवले आणि शिस्तीचा असा बडगा दाखविला की माधव मंत्र्यांची आठवण व्हावी. जून २०२२ मध्ये त्याच बंगळूरला अंतिम सामना झाला, आणि समोर होती ४१ वेळा रणजी करंडक जिंकलेली मुंबई. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२ : पहिल्याच डावात तीन शतके. मध्य प्रदेशाने सामना ६ गडी राखून जिंकला, आणि त्या संध्याकाळी पंडितांना मैदानावर खेळाडूंनी खांद्यावर उचलून घेतले.